करडाचा पहिला तास

शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. दोन करडे जगली तर मुलांची वह्यापुस्तके येतात. दगावली तर वर्ष फुकट जाते. आणि करडे दगावतात ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. आपण नशिबाला बोल लावतो. दोष मात्र पुष्कळदा आपल्या एका समजुतीचा असतो. ती समजूत अशी की, शेळीची वार पडेपर्यंत करडाला पाजू नये.

यात चूक काय? मनुष्याच्या मुलाला रोगाशी झुंजणारी द्रव्ये आईच्या पोटात असतानाच वारेतून मिळतात. शेळीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून करडू जन्मते ते निःशस्त्र. त्याची शस्त्रे आईच्या चिकात असतात. करडाच्या आतड्यांतून ती जशीच्या तशी रक्तात शिरतात. परंतु हे दार तासातासाने मिटत जाते आणि सुमारे २४ तासांत बंद होते. पुढे चीक पाजला तर पोट भरेल, संरक्षण लाभणार नाही. वारेची वाट पाहण्यात नेमके मोलाचे तास जातात. शिवाय करडू कासेला लुचू लागले की शेळीचे गर्भाशय आकुंचन पावते व वार पडण्यास मदतच होते!

तेव्हा करावे ते असे. करडाच्या नाकातोंडातील चिकटा पुसावा. अंग आईला चाटू द्यावे, नंतर गोणपाटाने कोरडे करावे. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे. कास पुसून प्रत्येक सडाची पहिली धार काढून टाकावी आणि तासाभरात करडाला लावावे. पहिल्या दिवसात वजनाच्या दशांश चीक पोटात जावा. दोन ते अडीच किलोच्या करडाला २०० ते २५० मिलिलिटर, चार-पाच वेळांत विभागून.

करडाच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले तर आधी ऊब द्यावी, मग पाजावे. गारठलेल्या करडाला नीट गिळता येत नाही. बळेच ओतलेले दूध फुप्फुसात जाते. उस्मानाबादी शेळीला जुळी पुष्कळदा होतात. त्यांतले दांडगे करडू कास अडवते, म्हणून अशक्ताला आधी लावावे. तिळे झाले व चीक अपुरा पडला, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी शेळीचा पाजावा.

यात पैशाचा खर्च जवळजवळ नाही. खर्चायचा आहे तो एक तास. पण तो पहिला असला पाहिजे.