इटियाडोहला कळत नाही की ते धरण आहे!

आपला गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. त्यातले कितीतरी माजी मालगुजारी, म्हणजेच आपले 'मामा तलाव'. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले. शिवाय अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आहेच. दोन्ही जलाशय, पण तक्रार करायची झाली तर मामा तलावासाठी साधारणपणे जिल्हा परिषद आणि इटियाडोहसाठी पाटबंधारे खातं. समजा, प्रोजेक्ट म्हणून अशी वेबसाइट करायची आहे, जी जलाशयासमोर योग्य ऑफिस दाखवेल.

जँगोमध्ये (२००५ साली खुलं झालेलं पायथन फ्रेमवर्क. नाव गिटारवादक जँगो राइनहार्टवरून, व्हायवात विचारतात!) आपण 'जलाशय' हा पॅरेंट क्लास करू. 'धरण' आणि 'मामातलाव' ही त्याची मुलं. प्रत्येकाचं टेबल वेगळं. इटियाडोहचं नाव आणि तालुका जलाशयच्या टेबलात, नदी धरणच्या टेबलात, आणि दोन्हीकडे किल्ली एकच.

फक्त धरणं मागितली तर जँगो गुपचूप जॉइन करून सगळी माहिती देतो. पण सगळे जलाशय मागितले की यादीत येतात ते नुसते 'जलाशय'. इटियाडोहला आपण धरण आहोत हे ठाऊकच नसतं! (सिव्हिलवाल्यांनी हसू नये.) मग एकेकाला विचारा, तू धरण का? नसेल तर 'डझ नॉट एग्झिस्ट' असं एक्सेप्शन येतं, म्हणून पुन्हा विचारा, मामा तलाव का? शंभर जलाशय असतील तर एका क्वेरीच्या जागी किमान १०१, वाईटात वाईट २०१. पेज रखडलं तर हॉस्टेलच्या नेटला शिव्या देऊ नका, हा वेळ सर्व्हर आणि डेटाबेसच्या मधेच जातो.

यावर उपाय 'सिलेक्ट_रिलेटेड'. त्याला दोन्ही मुलांची नावं द्यायची. लेफ्ट आउटर जॉइन होऊन एकाच क्वेरीत सगळं हातात येतं, आणि मुलाच्या टेबलात ओळ नसली तरी जलाशय यादीतून गळत नाही. दोन-तीन प्रकारांना हे मस्त. दहा प्रकार झाले तर जॉइन फारच फुगतो. तेव्हा मला वाटतं, पॅरेंटमध्येच सरळ 'प्रकार' हा कॉलम ठेवावा. आणि पेजवर नुसती नावंच हवी असतील तर यातलं काहीच करू नका.

एक गोष्ट मात्र डेटाबेस आपणहून अडवत नाही. एकाच जलाशयाची ओळ धरणच्या टेबलात आणि मामातलावच्याही टेबलात असू शकते. मग शेतकऱ्याला कोणतं ऑफिस दिसेल, हे तुमच्या कोडमध्ये कोणता 'इफ' आधी लिहिलाय त्यावर ठरतं. ती तपासणी सेव्ह करतानाच, आपल्या हाताने लिहावी लागते.