वार्धक्यातील ज्ञानेंद्रिये आणि शरीराचा तोल

प्रस्तावना :

भारतीय परंपरेने ज्ञानेंद्रिये पाच मानली : डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा. या गणनेत तोलाला स्थान नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. पाहणे, ऐकणे, वास घेणे या क्रिया माणसाला जाणवतात. तोल सांभाळणे जाणवत नाही. मराठीतही तोल 'जातो' तेव्हाच त्याची वार्ता होते. घरातील वृद्ध व्यक्ती पडली की 'पाय घसरला', 'चक्कर आली', 'वय झाले' अशी कारणे सांगितली जातात. ती खोटी नसतात, परंतु अपुरी असतात. वार्धक्यातील पडणे ही बहुधा केवळ पायांची दुर्बलता नसते. डोळे, आंतरकर्ण आणि तळपाय यांच्याकडून मेंदूला मिळणारी माहिती एकाच काळात क्षीण होत गेल्याचाही तो परिणाम असतो. प्रस्तुत लेखात वार्धक्यातील ज्ञानेंद्रियांच्या बदलांचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी एकदा तरी पडतात. खुब्याचे हाड मोडल्यावर पूर्वीसारखे चालणे अनेकांना पुन्हा कधीच साधत नाही.

तोलाची तीन साधने :

माणूस उभा असतो तेव्हा तो वस्तुतः स्थिर नसतो. तो सतत किंचित झुकत आणि सावरत असतो. या सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून वार्ता येते. डोळे सभोवतालच्या उभ्या-आडव्या रेषा दाखवितात. आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणत्या दिशेने वळले ते सांगतात, तर तेथील दोन लहान पिशव्या सरळ रेषेतील गती आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतात. तिसरी वार्ता तळपायाची त्वचा, स्नायू आणि सांधे यांच्याकडून मज्जारज्जूच्या मागील भागातून वर जाते. मेंदू या तिन्हींचा मेळ घालतो आणि एक साक्षीदार दुबळा पडला तर उरलेल्या दोघांवर अधिक भिस्त ठेवतो.

ही भिस्त किती मोठी असते, हे एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधील वैद्य मोरिट्झ रोम्बर्ग यांनी दाखविले. मज्जारज्जूच्या एका रोगात रुग्ण उघड्या डोळ्यांनी उभा राहू शकतो, परंतु डोळे मिटताच डोलू लागतो, असे त्यांनी नोंदविले. पाऊले जुळवून आणि डोळे मिटून उभे राहण्याची ही चाचणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अशा रुग्णाचा तोल तोंडावर पाणी मारताना जातो, कारण त्या क्षणी डोळे मिटलेले असतात. पायांकडून येणारी वार्ता आधीच तुटलेली असते. डोळ्यांनी ती उणीव तेवढा वेळ झाकून ठेवलेली असते. निरोगी वृद्धाच्या बाबतीत हेच सौम्य स्वरूपात, वर्षानुवर्षे आणि कोणाच्याही लक्षात न येता घडत असते.

पायांची वार्ता :

तिन्हींपैकी सर्वांत दुर्लक्षित साधन हेच आहे. कंप पावणारा नादकाटा घोट्याच्या हाडावर टेकविला असता तरुणाला कंप स्पष्ट जाणवतो. सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना तो अंधूक जाणवतो किंवा जाणवतच नाही. मधुमेहात चेतातंतूंची हानी होऊन ही क्षीणता पुष्कळ आधी येते. भारतीय संदर्भात आणखी एक कारण महत्त्वाचे आहे, ते म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व प्राणिज पदार्थांतूनच मिळते. शाकाहारी व्यक्तीला त्यासाठी मुख्यतः दूध आणि दुग्धजन्य पदार्थांवर अवलंबून राहावे लागते; वयानुसार जठरातील आम्ल घटले की अन्नातील ब-१२ चे शोषणही कमी होते. पुणे शहर आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींत ही पातळी कमी आढळली होती. या कमतरतेचा आघात मज्जारज्जूच्या ज्या भागावर होतो, तो रोम्बर्गच्या रुग्णांत बिघडलेलाच भाग होय. फरक इतकाच की ही उणीव रक्ततपासणीने कळते आणि वेळीच लक्षात आल्यास औषधाने भरून निघू शकते. 'वय झाले' असे म्हणून ती सोडून देणे ही खेदाची गोष्ट आहे.

आंतरकर्ण आणि घेरी :

आंतरकर्णातील संवेदनक्षम केशपेशी वयानुसार घटतात. त्याशिवाय, तेथील पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना सारे घर फिरू लागते. ही घेरी बहुधा एक मिनिटाहून कमी टिकते. अनेकदा तिचे खापर मानेच्या मणक्यांवर फोडले जाते आणि रुग्ण महिनोन्महिने गळ्यात पट्टा बांधून हिंडतो. अमेरिकन वैद्य जॉन एप्ली यांनी डोके ठरावीक क्रमाने वळवून हे स्फटिक पुन्हा पिशवीत परतविण्याची पद्धत सांगितली. ती काही मिनिटांची असते आणि जाणकाराच्या हातून बहुतेक रुग्णांना तिचा गुण येतो.

डोळे, कान, नाक :

मराठीत वाचनाच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात. भिंग ताठर होण्याचे वय भाषेने इतके अचूक नोंदविले आहे. परंतु तोलाच्या दृष्टीने जवळचे न दिसणे ही गौण बाब आहे. वयानुसार बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळसर होते. परिणामी साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावण्यास अधिक वेळ लागतो. राखाडी पायरीची राखाडी कड ओळखण्याची क्षमताही घटते. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील काळी अक्षरे वाचता येणाऱ्यालाही ही अडचण असू शकते. त्यात जवळचे आणि लांबचे असा दुहेरी चष्मा असेल तर जिना उतरताना पायरी नेमकी खालच्या, वाचनाच्या काचेतून अस्पष्ट दिसते.

श्रवणातील ऱ्हास उच्च कंप्रतेच्या ध्वनींपासून सुरू होतो. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने अस्पष्ट होतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून आवाज कळतो पण शब्द कळत नाही. भलतेच उत्तर मिळाले की 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण काढली जाते, वस्तुतः तेथे बुद्धीचा काही अपराध नसतो. नाकाची क्षीणता तर बहुतेकांच्या ध्यानीच येत नाही. आमटीत मीठ वाढते, विटलेले अन्न ओळखू येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात तीव्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. हा इशाराही वृद्ध नाकापर्यंत उशिरा पोहोचतो.

रात्रीची वाट :

पहाटे तीनच्या सुमारास शौचालयाकडे जाण्यासाठी उठलेली वृद्ध व्यक्ती डोळ्यांसमोर आणली म्हणजे हा सारा विषय एकत्र येतो. खोलीत दिवा नसतो, कारण इतरांची झोपमोड नको असते. म्हणजे ज्या डोळ्यांवर तोलाची सर्वाधिक भिस्त, तेच साधन काढून घेतले जाते. तळपायांची वार्ता मंद असते, आंतरकर्ण दुबळा असतो. झटकन उठल्याने रक्तदाब उतरतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर वैद्यकशास्त्र तो दोष मानते. रक्तदाबाच्या काही गोळ्या हा उतार वाढवितात, झोपेची गोळी प्रतिक्रिया मंद करते. मग उंबरठा आणि त्यापलीकडची ओली फरशी. यांपैकी कोणतेही एक कारण पडण्यास पुरेसे नसते. सर्वांची गाठ पडते तेव्हा तोल जातो.

मेंदूचा वाटाही येथे लक्षात घ्यावा लागतो. तरुणपणी आपोआप होणारे चालणे वार्धक्यात लक्ष मागू लागते. १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात निवासगृहातील ५८ वृद्धांशी चालता चालता संभाषण करण्यात आले. १२ जण बोलण्यासाठी थांबले. त्यांपैकी १० जण पुढील सहा महिन्यांत पडले. चालणाऱ्या आजोबांना मागून हाक मारणे, ही वरवर निरुपद्रवी कृती त्यांच्या तोलावर किती भार टाकते हे यावरून कळावे.

उपायांविषयी :

पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा, भिंतीला धरावयाचा दांडा, कोरडी फरशी, सैल सपातांऐवजी टाचेला बसणारे पादत्राण, या गोष्टी थोड्या खर्चात होतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 'पिकू द्या, मग पाहू' म्हणून लांबविण्याची जुनी सवय मात्र महाग पडते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तर वर्षांवरील स्त्रियांच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झालेल्या गटात पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले. तोलाचे आणि पायांच्या बळाचे व्यायामही उपयुक्त ठरतात. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. ओट्याला धरून टाचा उचलणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे एवढ्यापासून, जवळ कोणी असताना, सुरुवात करता येते.

याउलट, एकदा पडलेल्या व्यक्तीला 'आता जागचे हलू नका' असे बजावले जाते. हेतू प्रेमाचा असतो, परिणाम विपरीत होतो. बसून राहिल्याने स्नायू झिजतात, तोलाचा सराव तुटतो आणि पुढच्या पडण्याची तयारी होते. हे बंधन टाळण्यासाठीच अनेक वृद्ध आपण पडल्याचे घरात सांगत नाहीत. निळसर डाग लुगड्याखाली किंवा सदऱ्याखाली झाकला जातो. त्यामुळे तपासणीसाठी आलेल्या वृद्धाला रक्तदाब आणि साखर यांच्याबरोबरच गेल्या वर्षभरात कधी तोल गेला होता का, हेही विचारावे लागते, आणि शक्य तर तो प्रश्न मुला-सुनेसमोर विचारू नये.