इंजिन बंद, विमान चालू

दिल्लीहून मुंबईला येणारं विमान सुरतेच्या आसपास पोचलं की आवाज बदलतो. तास-दीड तास कानात भरून राहिलेली घरघर एकदम बसते, नाक किंचित झुकतं आणि शेजारच्या सीटवरचा माणूस पेपर खाली करून इकडेतिकडे बघायला लागतो. मी सगळी हयात सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानांच्या इंजिनांवर काम करण्यात घालवली. त्यामुळे त्याची नजर माझ्याकडे वळली तर मी सांगून टाकतो की काही बिघडलेलं नाही. दोन्ही इंजिनं ‘आयडल’वर आणली आहेत. म्हणजे ती चालू आहेत, पण विमानाला पुढे रेटण्याइतका जोर आता त्यांच्यात जवळपास नाही. इथून मुंबईपर्यंतचे दोनेकशे किलोमीटर विमान बऱ्याच अंशी आपल्या उंचीवरच येणार. हे रोज, प्रत्येक विमानाच्या बाबतीत होतं. तुम्ही आजवर जेवढ्या वेळा विमानाने उतरलात, तेवढ्या वेळा थोडाफार हाच अनुभव घेतलेला आहे, फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

अहमदाबादच्या विमान अपघातानंतर आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी बंगळूरचं विमानाचं तिकीट रद्द करून रेल्वेचं काढलं. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “काका, इंजिन बंद पडलं की दगडासारखं खालीच ना हो?” मी म्हटलं, “नाही हो वहिनी, दगडाला पंख नसतात.” उत्तर त्यांना पटलं नाही, आणि एका वाक्यात पटण्यासारखं ते नाहीही. म्हणून हा लेख.

विमानाला हवेत धरून ठेवतात ते पंख. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत असेल तर विमान तरंगतं, आणि तो वेग इंजिनाच्या जोराने मिळवा नाहीतर उंची खर्च करून मिळवा, पंखांना फरक पडत नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना गाडीला ॲक्सिलरेटर लागत नाही, तसंच हे. फक्त विमानाचा घाट अकरा किलोमीटर उंचीचा असतो. आपल्याकडे सर्रास दिसणारं एअरबस ३२० दोन्ही इंजिनं बंद असताना योग्य वेग धरून ठेवलं, तर दर हजार फूट उतरताना साधारण अडीच सागरी मैल, म्हणजे साडेचार किलोमीटरच्या वर पुढे जातं. समजा मुंबईच्या डोक्यावर ३६ हजार फुटांवर असताना दोन्ही इंजिनं गेली. लोहगावचा विमानतळ तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. विमान पुण्यावर पोचेल तेव्हा हातात अजून आठ-नऊ हजार फूट उरलेले असतील, त्यातून पुण्याची स्वतःची १,९०० फूट उंची वजा केली तरी गरजेपेक्षा बरीच जास्त. आणि अडचण होते ती नेमकी इथेच. ऐकायला विचित्र वाटेल, पण इंजिनाशिवाय उतरलेल्या दोन गाजलेल्या विमानांच्या वैमानिकांपुढे शेवटी प्रश्न होता तो उंची जास्त झाल्याचा.

पहिली गोष्ट कॅनडातली, २३ जुलै १९८३ची. एअर कॅनडाचं फ्लाइट १४३, बोइंग ७६७, मॉन्ट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमान अगदी नवं आणि इंधन किलोत मोजणारं, तर कंपनीची बाकीची विमानं अजून पौंडांत. त्या दिवशी टाकीचा काटा चालत नव्हता, म्हणून टाकीत पट्टी घालून माप घेतलं. आत ७,६८२ लिटर होतं. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचं वजन काढायला सवयीचा आकडा वापरला, १.७७. हा आकडा पौंडांचा! किलोसाठी ०.८ हवा होता. गुणाकार करून १३,५९७ आले, ते सगळ्यांनी किलो धरले, आणि उरलेली तूट म्हणून फक्त ४,९१६ लिटर भरलं. प्रत्यक्षात वीस हजार लिटर भरायला हवं होतं. मी हा हिशेब नव्या पोरांना फळ्यावर करायला लावायचो. आकडेमोड शेवटपर्यंत बरोबर येते, म्हणूनच ती धोकादायक.

४१ हजार फुटांवर इंधनाच्या दाबाचा इशारा वाजला आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं विझली. कॉकपिटमधले नवे कोरे पडदे काळे पडले. कॅप्टन बॉब पिअरसन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटाल यांच्या हातात होकायंत्र, उंची-वेगाचे थोडे जुन्या पद्धतीचे काटे आणि रेडिओ उरला. पण सुकाणू चालत होतं. कारण विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा खाली आला होता.

या पंख्याला आम्ही ‘रॅट’ म्हणतो. एरवी झाकणाआड घडी करून ठेवलेला असतो. वीज आणि हायड्रॉलिकचा दाब गेला की तो बाहेर पडतो, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर गरगर फिरतो आणि वैमानिकाच्या हातातलं सुकाणू जिवंत ठेवण्यापुरती ताकद देतो. दोन पात्यांचं हे साधं यंत्र जमिनीवर तपासताना असला कर्कश आवाज करतं की कान झाकून उभं राहावं लागतं. प्रवाशाला ते कधी दिसत नाही. चाकंही वजनाने आपोआप खाली पडावीत अशी सोय असते, ढकलायला दाब नसला तरी.

विनिपेगपर्यंत पोचणार नाही हे ध्यानात आल्यावर क्विंटालने गिमली सुचवलं. हवाई दलात असताना तो त्या तळावर होता. त्याला माहीत नव्हतं की तळ बंद होऊन धावपट्टीवर आता मोटारींच्या शर्यती होतात, आणि त्या दिवशी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं जमली आहेत. गिमली दिसली तेव्हा विमान फार उंच होतं. इंजिनं असती तर वळसा घालून परत आलं असतं. इथे वळसा परवडणारा नव्हता. पिअरसन फावल्या वेळात ग्लायडर उडवायचा. ग्लायडरवाले उंची पटकन घालवायला विमान वाऱ्यात आडवं धरतात: एक पंख खाली, नाक उलट्या बाजूला, म्हणजे सगळं विमान हवेला अडतं. त्याने अख्खं प्रवासी विमान तसं आडवं धरलं आणि धावपट्टीच्या तोंडाशी सरळ केलं. पुढचं चाक नीट अडकलं नव्हतं, ते मुडपलं, नाक डांबरावर घासत गेलं आणि त्यामुळेच विमान माणसांच्या अलीकडे थांबलं. आतले ६९ आणि बाहेरचे सगळे वाचले. नाकाशी लागलेली छोटी आग शर्यतवाल्यांनी आपल्याकडच्या नळकांड्यांनी विझवली. ते विमान दुरुस्त होऊन २००८ पर्यंत प्रवासी वाहत होतं.

दुसरी गोष्ट २४ ऑगस्ट २००१ची, टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ३३०ची. इथे दोष आमच्या व्यवसायाचा होता. इंजिन बदलताना न जुळणारे भाग बसले, एक नळी इंधनाच्या नळीला घासत राहिली आणि इंधनाची नळी फुटली. अटलांटिकवर, पहाटेच्या अंधारात, आधी एक इंजिन गेलं, मग तेरा मिनिटांनी दुसरं. विमानात ३०६ माणसं, उंची साडेचौतीस हजार फूट, आणि अझोर्स बेटांवरचा लाझेश तळ ६५ सागरी मैलांवर. कॅप्टन रॉबेर पिशेने ते एकोणीस मिनिटं तसंच तरंगत नेलं. तळाजवळ आल्यावर त्यालाही उंची घालवायला आधी पूर्ण गोल घिरटी घ्यावी लागली, मग नागमोडी वळणं. उतरणं दणक्याचं झालं, टायर फुटले, काही जण जखमी झाले. मेलं कुणी नाही.

मुंबईशी नातं असलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. जून १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो लंडनहून निघून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर करत पर्थकडे चाललं होतं. जावाच्या दक्षिणेला रात्री काचेवर निळसर ठिणग्या नाचायला लागल्या, केबिनमध्ये गंधकाचा वास आला आणि काही मिनिटांत चारही इंजिनं बंद. जावावरचा गालुंगुंग ज्वालामुखी राख ओकत होता, आणि कोरडी राख विमानाच्या रडारवर दिसत नाही. कॅप्टन एरिक मूडीने प्रवाशांना शांतपणे सांगितलं की एक लहानशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत. ३७ हजार फुटांवरून ते तेरा-चौदा हजारांपर्यंत उतरले. राखेच्या ढगाबाहेर येताच इंजिनात वितळून चिकटलेली राख थंड होऊन सुटली आणि इंजिनं पुन्हा धरली. राखेने खरवडलेल्या काचेतून जेमतेम बघत विमान जकार्ताला उतरलं. आज राखेवर नजर ठेवणारी खास केंद्रं जगभर आहेत, त्यांच्या स्थापनेमागे ही आणि अशाच काही रात्री आहेत.

या सगळ्या गोष्टींत एक धागा आहे. दोन इंजिनं एकाच वेळी आपापल्या वेगळ्या कारणाने बंद पडणं हे जवळपास घडतच नाही. कारण एकच असतं: इंधन, राख, पक्षी, गारा किंवा एकाच माणसाच्या हातून झालेली एकच चूक. १९८३ मध्ये मायामीहून निघालेल्या एका तीन इंजिनांच्या विमानात तिन्ही इंजिनांना तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या चुंबकी बुचांच्या रबरी कड्या बसवायच्या राहिल्या होत्या. तिन्ही थांबली, पण आधी बंद केलेलं एक इंजिन पुन्हा सुरू झालं आणि विमान मायामीला परतलं. समुद्र ओलांडणाऱ्या दुइंजिनी विमानांवर म्हणून एकाच माणसाने एकाच खेपेत दोन्ही इंजिनांना सारखंच काम करायचं नाही, असा दंडक आहे. माणूस कितीही हुशार असो. मला हा नियम सुरुवातीला अपमानास्पद वाटायचा.

आता अहमदाबाद. १२ जून २०२५. ते टाळून विमानांविषयी धीर देणं म्हणजे फसवणूक होईल. प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा एका सेकंदाच्या अंतराने बंद झाला. रॅट बाहेर आला होता. चित्रफितीत तो दिसतो. पण विमान होतं जेमतेम काहीशे फुटांवर. तेवढ्या उंचीत कागदावरसुद्धा थोडंसंच अंतर जाता येतं, आणि चाकं-फ्लॅप बाहेर असताना तेवढंही नाही. समोर इमारती. २६० माणसं गेली.

म्हणजे उंची नसेल तर वर सांगितलेलं सगळं निरुपयोगी ठरतं. ही अडचणीची वेळ उड्डाणानंतरची पहिली एक-दोन मिनिटं. एक इंजिन गेलं तर तेव्हाही विमान चढत राहतं. तसं ते सिद्ध केल्याशिवाय त्याला परवानाच मिळत नाही, आणि वैमानिक सिम्युलेटरवर तेच घोटत असतात. दोन्ही गेली तर उंची किती आणि समोर काय, यावर सगळं. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांचा थवा धडकला तेव्हा कॅप्टन सलेनबर्गरच्या हातात २,८०० फूट आणि समोर हडसन नदी होती. २०८ सेकंदांत तो पाण्यावर उतरला, १५५ जण वाचले. मला त्यातलं भावलेलं वेगळंच आहे: आणीबाणीच्या तपासणी-यादीत त्या कामाची पाळी येईपर्यंत न थांबता त्याने शेपटातलं छोटं सहायक इंजिन लगेच सुरू केलं आणि विमानाला पूर्ण वीज मिळाली.

वहिनींना मी शेवटी दोनच गोष्टी सांगितल्या. पाण्यावर उतरलंच तर लाइफ जॅकेट दाराबाहेर पडताना फुगवायचं, आत नाही. १९९६ मध्ये इंधन संपून कोमोरोस बेटांपाशी समुद्रात पडलेल्या इथिओपियन विमानात आधीच जॅकेट फुगवलेले कित्येक जण पाणी भरल्यावर आतल्या छताशी अडकले. आणि बाहेर पडायला सांगितलं की वरच्या कप्प्यातली पिशवी तिथेच सोडायची. यावर त्या म्हणाल्या, “लेकीसाठी मेतकूट आणि गोडा मसाला असतो हो त्यात!” मी म्हटलं, पुन्हा करता येतो.