कमळावरचा क्रूस

चीनमधल्या शिआन शहरात शिलालेखांचं एक संग्रहालय आहे. तिथे पावणेतीन मीटरांहून थोडी उंच अशी काळ्या दगडाची एक शिळा उभी आहे. तिच्या माथ्यावर क्रूस कोरलाय, आणि तो क्रूस कमळावर उभा आहे. त्याखाली सुमारे अठराशे चिनी अक्षरं, शिवाय सिरियाक लिपीत भिक्षूंची नावं. साल इ.स. ७८१. वेरूळचं कैलास लेणं ज्या शतकात खोदलं जात होतं, त्याच शतकात चीनमध्ये ख्रिस्ताची गोष्ट दगडावर चढली होती!

ही गोष्ट नेणारी माणसं युरोपातली नव्हती. त्यांचं धर्मपीठ तैग्रिस नदीकाठी, इराणी साम्राज्यात होतं. याच ‘पूर्वेच्या चर्च’चा एक बिशप सहाव्या शतकात ‘कॅलियाना’ इथे होता, असं कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्यानं नोंदवलंय. कॅलियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एक टोक उल्हास खाडीवर, दुसरं चीनच्या राजधानीत. नकाशा समोर घेतला की मला दर वेळी नवल वाटतं.

शिळा सांगते की ६३५ मध्ये आलोपेन नावाचा धर्मगुरू ग्रंथ घेऊन राजधानी चांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला, पोचला. सम्राट ताइझुंगनं त्याला आणायला आपला मंत्री वेशीबाहेर पाठवला, दरबारच्या ग्रंथालयात भाषांतरं करवून घेतली आणि ६३८ मध्ये २१ भिक्षूंच्या मठाला परवानगी दिली. महाराष्ट्र पाहून ६४५ मध्ये मायदेशी परतलेल्या ह्युएनत्संगाचं स्वागत केलं, तेही याच सम्राटानं.

लेख रचला जिंगजिंग या भिक्षूनं. सृष्टीची कथा त्यानं कशी सांगितली पाहा. देवानं क्रूसाची खूण आखून चार दिशा पक्क्या केल्या, आदिम वारा ढवळला आणि त्यातून दोन शक्ती जन्मल्या. यिन आणि यांग मानणाऱ्या वाचकाला पुढचं सांगावंच लागलं नसेल. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे आहे त्याला मान देऊन बोलणं म्हणजे काय, ते या ओळींत दिसतं. भिक्षू कसे राहतात तेही तो लिहितो. ते दास ठेवत नाहीत, थोर-हीन असा भेद करत नाहीत, धन साठवत नाहीत, दिवसातून सात वेळा प्रार्थना करतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांचा धर्म आधी या वागण्यातूनच कळला असणार.

एक गोष्ट मात्र खटकते. लेखात क्रूस आहे, पण ख्रिस्त क्रूसावर मेला हे उघडपणे कुठे येत नाही. सम्राटांची स्तुती मात्र भरभरून आहे. राजाश्रय टिकवायला ती लागली असेल, तरी कथेचा गाभाच बाजूला राहिला असं मला वाटतं.

पण जिंगजिंगची मला सगळ्यांत प्रिय गोष्ट शिळेवर नाही, ती बौद्ध ग्रंथांच्या एका जुन्या सूचीत सापडते. नालंदेत शिकलेला प्रज्ञ नावाचा बौद्ध भिक्षू चांगआनला आला होता. त्याला सहा पारमितांवरचं, म्हणजे बौद्ध साधनेतल्या सहा गुणांवरचं, एक सूत्र चिनीत आणायचं होतं. मदतीला बसला जिंगजिंग! मूळ पोथी मध्य आशियाई भाषेतली. ती भाषा प्रज्ञाला येत नव्हती, चिनीही नव्हती. जिंगजिंगला संस्कृत येत नव्हतं, बौद्ध विचारही नीट ठाऊक नव्हता. तरी दोघांनी मिळून सात गुंडाळ्या लिहून काढल्या. सम्राट देझुंगनं वाचून पाहिलं: अर्थ धूसर, भाषा कच्ची. त्यानं निकाल दिला की जिंगजिंगनं मसीहाची शिकवण सांगावी, बौद्धांनी बुद्धाची. भाषांतरापुरता तो निकाल रास्तच होता. पण आपला धर्म सांगायला आलेला माणूस दुसऱ्याचा धर्मग्रंथ मांडीवर घेऊन शब्द शोधत बसला, यावर माझा जीव जडलाय.

८४५ मध्ये सम्राट वुझुंगनं बौद्ध मठांवर वरवंटा फिरवला, त्यात हे ख्रिस्ती मठही गेले. शिळा जमिनीखाली गेली ती थेट १६२० च्या दशकात खोदकामात वर आली. मग १९०८ मध्ये चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेतून पॉल पेलिओ या फ्रेंच अभ्यासकाला चिनी भाषेतलं एक ख्रिस्ती स्तोत्र मिळालं आणि त्यासोबत ग्रंथांची यादीही. यादीत दावीदाच्या ग्रंथाचं नाव आहे. आलेले ग्रंथ ५३०, त्यांतले तीसेक जिंगजिंगनं चिनीत आणले. उरलेले पोथ्यांतच आहेत, त्यांचं भाषांतर व्हायचं आहे, अशी नोंद यादी करणाऱ्यानं करून ठेवली आहे.