आधी फ्रीझर, मग आकाश!

बोरीवलीच्या वन बीएचकेत बनवलेला डबा ३० किलोमीटर उंच जाऊ शकतो? जाऊ शकतो की! ७ फेब्रुवारी २०२१ला रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी बनवलेले १०० चिमुकले उपग्रह हेलियमच्या फुग्याने वर गेले. त्यात महाराष्ट्रातली शाळकरी मुलंही होती.

तुमचाही असा प्लॅन आहे? मग सेन्सर, जीपीएस आणि बॅटरी थर्माकोलच्या डब्यात भरली की झालं, असं समजू नका. आपल्या डोक्यावर साधारण १७ किलोमीटरवर पारा उणे ७०च्याही खाली जातो. तिथे साधी बॅटरी मान टाकते. अनेक जीपीएस मॉड्यूल तर १८ किलोमीटरनंतर लोकेशनच देत नाहीत. त्यांचा मोड आधीच बदलावा लागतो. पुढे हवा विरळ होते, फुगा फुगत जाऊन फुटतो आणि डबा पॅराशूटने खाली येतो. लोकेशन नसेल तर डबा गेला, डेटाही गेला!

म्हणून सगळं चालू करून डबा रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा. आईला आधी सांगा! मग कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांसमोर, ड्राय आइसची टेस्ट. पॅराशूटसाठी सोसायटीची गच्ची आहेच. सेक्रेटरी काकांना विचारा आणि खाली कुणी नाही ना, ते बघा.

फुगा मात्र बोरीवलीतून सोडायचा नाही. वर विमानांची वर्दळ, एका बाजूला समुद्र, दुसरीकडे नॅशनल पार्क. मोकळी जागा शोधा, रीतसर परवानगी घ्या.

फ्रीझरमध्ये बंद पडलेला डबा दुरुस्त करता येतो, आकाशात बंद पडलेला नाही!