जन्माआधीच जाड झालेली कातडी

आईच्या पोटातल्या बाळाने जमिनीवर एक पाऊलही टाकलेले नसते, तरी त्याच्या तळव्याची कातडी बाकीच्या अंगापेक्षा जाड झालेली असते. चार्ल्स डार्विनने १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये हे नोंदवून ठेवले आहे. पिढ्यान्‌पिढ्या पावलांवर पडलेल्या दाबाचा तो वारसा असावा, असे त्याने मानले. ती उपपत्ती पुढे टिकली नाही, पण निरीक्षण पक्के होते. चालून चालून तळवा टणक होतो हे शेतावर राबणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. न चालताच तो जाड का, हा खरा प्रश्न.

उत्तर कातडीच्या तळाशी निघाले. वरच्या थरातल्या पेशींना ‘तुम्ही तळव्याच्या आहात’ हे खालच्या थरातल्या तंतुपेशी सांगतात. त्या डीकेके-१ नावाचे प्रथिन भरपूर सोडतात. त्याने वरची कातडी जाड होते आणि तिच्यात रंगद्रव्यही कमी बनते. सावळ्या माणसाचा तळवा फिकट दिसतो तो यामुळेच. एकाच निरोपात दोन कामे उरकलेली! केराटिन ९ हे प्रथिनही आपल्या शरीरात मुख्यतः तळहात आणि तळपायांसाठीच राखून ठेवलेले आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तर तळव्याच्या तंतुपेशी वाढवून स्वयंसेवकांच्या शरीरावर दुसरीकडे टोचल्या, आणि तिथली कातडीही जाड होऊ लागली. कृत्रिम पाय लावणाऱ्यांचा खुंट घासून सोलवटतो. तिथे तळव्यासारखी कातडी तयार करता आली तर, हा त्यामागचा विचार.

ही कातडी धावायला पुरते का? १० सप्टेंबर १९६० च्या संध्याकाळी रोममध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकली, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत. तोवर इतक्या कमी वेळात मॅरेथॉन कुणी धावले नव्हते. वाटेत पुरातन अॅपियन मार्गाची दगडी फरसबंदी होती, वर अंधार पडलेला. मिळालेले बूट नीट बसेनात, आणि सराव तर अनवाणी झालेलाच होता. आपल्याकडे मिलिंद सोमण २०१६ मध्ये अहमदाबादहून मुंबईपर्यंतचे ५२७ किलोमीटर अनवाणी धावत आला. हे वाचून उद्या सकाळी कुणी बूट फेकून दहा किलोमीटर पळायला निघेल, तर संध्याकाळी घरातल्या घरात टाचेवर चालत फिरेल.

कारण तळवा जाड व्हायला आठवडे लागतात. उत्साहाला तेवढा धीर नसतो. पण घट्टे पडले की पाय बधिर होत असतील, ही शंका मला जास्त मोलाची वाटते. तिचे उत्तर २०१९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आले. संशोधक डॅनियल लिबरमन यांच्या गटाने केनिया आणि बॉस्टनमधल्या शंभरावर माणसांचे तळवे तपासले. सहसा अनवाणी राहणाऱ्यांचे घट्टे जाड आणि टणक होते, पण जमिनीची कंपने त्यांना इतरांइतकीच जाणवत होती. दारावर मारलेली टिचकी पलीकडे पोचते, गादीवर मारलेली तिथेच विरते. घट्ट्याचे दार झालेले असते आणि मऊ तळाच्या बुटाची गादी. घट्टा खालच्या मज्जातंतूंपर्यंत धक्का जसाच्या तसा पोचवतो. संरक्षण वाढते आणि कान मात्र तसेच तीक्ष्ण राहतात, असा सौदा निसर्गात फार थोड्या ठिकाणी दिसतो.

म्हणून अनवाणी धावताना आलेला फोड हा कातडीचा कमकुवतपणा समजू नये. तो चालीबद्दलची तक्रार आहे. तळव्याची कातडी जमिनीला चिकटून राहते, आतले हाड मात्र पुढे सरकते; या ओढाताणीत कातडीच्या मधल्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरते. चवड्यावर फोड आले, तर पाय उचलण्याऐवजी मागे ढकलला जातोय. फोडाचे वरचे कातडे काढू नये. त्याच्या छपराखाली पाचेक दिवसांत नवा शिंगी थर उभा राहतो. घामाने किंचित ओलसर झालेला तळवा कोरड्यापेक्षा जास्त घासतो. पावसात तासभर भिजलेला तर पार मऊ पडतो, आणि मग साधी खडीसुद्धा कापते. पावसाळ्यात अंतर कमी करावे ते एवढ्यासाठी.

डांबर हा वेगळा शत्रू. हवा चाळीस अंशांवर गेली की डांबरी रस्ता साठ अंशांपार जातो, आणि त्या तापमानापुढे कुठलाही घट्टा फार वेळ टिकत नाही. विदर्भात मे महिन्यात अनवाणी धावायचेच असेल तर उजाडताना. नंतर रस्त्यावरचा पांढरा पट्टा तेवढा जरा थंड आणि गुळगुळीत असतो.

तळव्याला एकही तेलग्रंथी नाही. घामाच्या ग्रंथी मात्र तिथे कमालीच्या दाटीने आहेत. घाम सुकला की कातडीला ओशटपणा देणारे काही उरत नाही, आणि टाचा फुटतात. कोकणात त्यावर भिरंडेल लावतात, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, जरासे गरम करून भेगांत भरायचे. भेग आत खोल जाते आणि तिच्यात माती बसते, म्हणून रात्रीचा हा उपाय धावणाऱ्यालाही लागू. वज्रीने टाच घासताना मात्र हात राखून. काठावरची टणक कड तेवढी खाली न्यायची. सगळा घट्टा घासून काढणारा पुन्हा पहिल्या आठवड्यावर येतो. काटा मोडला तर त्याच दिवशी काढावा, आणि धनुर्वाताची लस झालेली असावी. ओलसर, घाण मातीत आकडीकृमीच्या अळ्या असतात. त्या बोटांमधल्या नाजूक कातडीतून शिरतात, तिथे जाड तळव्याचा काही उपयोग होत नाही.

आणि ज्याला मधुमेह आहे, त्याने हे सगळे वाचले तरी आधी डॉक्टरांकडे जावे. ते नायलॉनचा एक तंतू तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबतात. तो बरोबर १० ग्रॅम जोर लागला की वाकतो. डोळे मिटून हा स्पर्श कळला नाही, तर काचही कळणार नाही. मग घट्टा कितीही जाड असो, बूट घालायचे.