परसातील कोंबड्या : किती मरणे साहजिक, किती धोक्याचे?

परसात दहा-वीस कोंबड्या पाळणे हा आपल्याकडे धंदा समजला जात नाही. घरातील बायकांचा तो जोडउद्योग. अंडी विकून मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च निघतो आणि पाहुणा आला की कोंबडा घरचाच कापता येतो, एवढाच हिशेब लोकांना ठाऊक असतो. मेलेल्या कोंबड्यांची नोंद तर कुणीच ठेवत नाही. त्यामुळे कोंबडी मेली की ‘नजर लागली’ म्हणून विषय सोडून दिला जातो, नाही तर घाबरून सगळा कळप पडेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या डालग्यात जातो. दोन्हीकडे तोटाच आहे. म्हणून कोंबडीचे आयुष्य साधारण किती आणि कळपात किती मरतूक साहजिक समजावी, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आधी आयुष्याचे पाहू. देखभाल चांगली असेल तर देशी कोंबडी पाच ते आठ वर्षे जगू शकते, क्वचित दहाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ‘पीनट’ नावाच्या कोंबडीची २०२३ साली गिनीज बुकात नोंद झाली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. पण ही झाली कौतुकाची गोष्ट. आपल्या परसातील कोंबडी म्हातारपणाने मरतच नाही. त्याआधी तिला सुरी, मुंगूस किंवा रोग गाठतो. देशी तलंग सहा-सात महिन्यांची झाली की अंड्यावर येते आणि वर्षाला ५० ते ८० अंडी देते. पहिली दोन वर्षे भराची, पुढे दरवर्षी उतार. तीन वर्षांनंतर अंडे अडकणे, अंडनलिकेला सूज येणे, पोटात पाणी होणे असे विकार वाढतात. अंड्यांसाठी खास तयार केलेल्या जातींत तर ते आणखी लवकर दिसतात. अशी एखादी जुनी कोंबडी गेली तर कळपात साथ आली असे समजू नये.

येथे एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या घरात आपोआप मेलेली कोंबडी मुर्दार ठरते. तिची किंमत शून्य. म्हणून अंडी कमी झालेल्या कोंबडीचा निर्णय ती धडधाकट असतानाच घ्यावा. खुडूक चांगली बसणारी आणि पिल्ले जिवापाड सांभाळणारी कोंबडी मात्र चार वर्षांची झाली तरी मोडू नये, असे आमचे मत आहे. तिचा मोबदला अंड्यांत नाही, पिल्लांत मिळतो.

खरी गळती पिल्लांत होते आणि तिथेच लोकांचा हिशेब चुकतो. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली तर २१ दिवसांनी नऊ-दहा पिल्ले बाहेर येतात. मोकाट सोडलेल्या कळपात दोन महिन्यांत त्यांतली निम्मी जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. उरलेल्या चार-पाचांत अर्धे कोंबडे. म्हणजे एका खुडकीमागे हाती लागतात दोन, फार तर तीन तलंगा. हा हिशेब आधीच मनात धरला तर निराशा होत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्ले मरतात ती गारठ्याने, ओलीने किंवा जन्मतः अशक्त असल्याने. तिसऱ्या आठवड्यानंतर रक्ती हगवण येते, विशेषतः पावसाळ्यात खुराड्यातली जमीन ओली राहिली तर. आणि या सर्व काळात कावळा, घार, मांजर, मुंगूस हे टपलेलेच असतात. नीट चालवलेल्या कुक्कुटपालन केंद्रात आठ आठवड्यांपर्यंतची मरतूक शेकडा पाचच्या आत ठेवता येते. पिल्ले तीच, फरक फक्त ऊब, कोरडी जमीन आणि जाळीचा. पहिले चार-पाच आठवडे पिल्ले आईसह जाळीत ठेवली, खाली कोरडा भुसा घातला, पाण्याचे भांडे उथळ ठेवले आणि थोडी कणी वेगळी दिली, तरी निम्म्याची गळती बरीच खाली येते.

मोठ्या कोंबड्यांचे वेगळे आहे. केंद्रात अंड्यावरच्या कोंबड्यांत वर्षाला शेकडा पाच ते दहा मरतूक धरलीच जाते. पण दहांच्या कळपात एक मेली की शेकडा दहा झालेच! लहान कळपात टक्केवारी फसवते. म्हणून आम्ही सांगू की टक्के मोजू नका, दिवस मोजा. दहा-बारा मोठ्या कोंबड्यांत वर्षभरात एक-दोन गेल्या, त्याही महिन्यांच्या अंतराने, तर ते साहजिक. पण दोन-तीन दिवसांत दोन-तीन गेल्या तर ते साहजिक नाही, मग ऋतू कोणताही असो.

अशा वेळी पहिला संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. कोंबडी सुस्त होते, हिरवट हगते, श्वासाला घरघर लागते, मान पिळवटते, पाय लुळे पडतात. लस न दिलेला कळप आठवड्यात जवळजवळ संपतो. बर्ड फ्लूची लक्षणेही पुष्कळशी अशीच. नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही, नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा केंद्रांतील लाखो पक्ष्यांबरोबर आसपासच्या घरांतील कोंबड्याही माराव्या लागल्या. म्हणून एकदम मरतूक सुरू झाली की पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. मरायला टेकलेली कोंबडी ‘वाया जाऊ नये’ म्हणून घाईने जबह करणे किंवा बाजारात नेणे हे सर्वांत वाईट. तिच्या रक्ता-पिसांतून रोग शेजारी जातो आणि बर्ड फ्लू असेल तर कापणाऱ्याच्या जिवावरही बेतते. मेलेला पक्षी नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

मानमोडीवर उपचार नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठ आठवड्यांनंतर आरटूबीचे इंजेक्शन. अडचण किमतीची नाही, कुपीची आहे. एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते, थंड ठेवावी लागते आणि एकदा फोडली की थोड्याच तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? त्यापेक्षा मोहल्ल्यातील आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवावा आणि दवाखान्यातून बर्फात ठेवून कुपी आणावी. पहाटे खुराडी उघडण्यापूर्वी सर्वांच्या कोंबड्यांना लस देऊन टाकावी. त्या वेळी पक्षी हाती सापडतात, एकदा मोकळे सुटल्यावर दिवसभर मागे पळावे लागते.